कुठं वाजवायचं न्हाई

आमची प्रतिक्षा दुसरी-तिसरीत होती तवापासून मालिका लागली की टीव्हीचा आवाज बंद करायची. मी दिवसभर पिठात माखून भावाच्या घरी जावं, जरा पाय पसरून बसावं, तर पडद्यावर सासू डोळे वटारून राहिली, सून रडून राहिली, आन् आवाज कुणाचाच न्हाई! कोपऱ्यात ही पोरगी बापाची पेटी पुढ्यात घेऊन बसलेली. सासूनं डोळे वटारले की ही खालच्या पट्टीतले दोन सूर दाबून धरायची, सून रडली की वरचे. "अगं मेले, आयकू दे ना काय म्हणून राहिली ती!" मी ओरडायची. तर ही म्हणायची, "आत्या, ती काय म्हणते ते तर दिसूनच राहिलं. मी काय वाजवते ते आयक." आता सांगा, अशा लेकराला काय करावं?

मी शालूबाई. कुरुंद्यात पिठाची गिरणी हाय माझी. मालक गेले तवा लोक म्हणले, बाईमाणसाला पट्टा चढवणं जमायचं न्हाई. आज त्याच लोकांच्या भाकरी माझ्या पिठाच्या. ते जाऊ द्या. प्रतिक्षा माझ्या धाकट्या भावाची, तातेरावची पोरगी. तातेराव हळद पिकवतो आन् गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. कुणी विचारलं तर आधी हळदीचं सांगतो, पण जीव त्याचा पेटीत. पोरीला त्यानंच शिकवलं, मांडीवर बसवून, बोट धरून.

शाळेत संगीताचे सर न्हाईत, कवाच न्हवते. तातेरावकडचं संपलं तसं पोरगी मोबाईलवर शिकाया लागली. त्यात एक ॲप असतं म्हणे, बोटानं सूर मांडायचे, एकावर एक थर द्यायचे, बासरी, तबला, सगळं त्याच्यातच. शिकवणारा हिंदीत बोलायचा, ही त्याच्यासंगं मान हलवायची. नववीत असताना एकदा गिरणीत येऊन पोत्यावर बसली आन् म्हणली, "आत्या, मला सिनेमाचं संगीत करायचंय."

"गाणी व्हय?"

"गाणी न्हाई. माणूस चालून राहिलं, दार उघडून राहिलं, तवा मागं जे वाजतं ना, ते."

"त्याला कोण आयकतं?"

"कुणी न्हाई आयकत. पण त्यानंच रडू येतं."

मी हसले. म्हणलं, येडं झालं लेकरू. पण ही हसली न्हाई. हिचा चेहरा असा हाय बगा, की एकदा काही ठरवलं की भुवया जवळ येतात, आन् मंग देव जरी समोर आला तरी त्याला रांगेत उभं राहावं लागंल.

दहावीला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात हिंगोलीचा एक पोरगा गावात आला. स्वानंद नाव. बाप देवस्थानच्या कचेरीत कारकून, पोरगा पुण्याला सिनेमा करायचं शिकून आलेला. त्यानं आमच्याच गावात, आमचीच माणसं घेऊन एक छोटा सिनेमा काढला. म्हातारा म्हणून खेमाबुवा, म्हातारी म्हणून अनुसूयाबाई. गोष्ट साधीच. नवरा-बायको, कितीतरी वर्सं एकमेकांशी बोलत न्हाईत. का बोलत न्हाईत ते दोघं बी विसरलेत. बोलायचं ते शेळीच्या मार्फत. ती म्हणती, "शेळे, सांग तुझ्या मालकाला, पीठ संपलं." तो म्हणतो, "शेळे, सांग तुझ्या मालकिणीला, दिसतंय मला." मंग म्हातारा दवाखान्यात पडतो, बरा होऊन घरी येतो. म्हातारी त्याच्या पुढ्यात चहा ठिवती आन् दाराला टेकून उभी राहती. शेळी चरायला गेलेली. आता आधी कोण बोलंल? एवढाच सिनेमा. त्याला तवा नाव बी न्हवतं.

प्रतिक्षा सरळ त्या स्वानंदपुढं जाऊन उभी राहिली. "दादा, याचं संगीत मी करू?"

त्यानं तिच्या दोन वेण्यांकडं बगितलं, हसला. पण पोरगा वाईट न्हाई. मोबाईलवर सिनेमा टाकून दिला आन् म्हणला, "कर प्रयत्न. बघू."

बस्स. त्या 'बघू'वर आमच्या घरात लगीनघाई सुरू झाली. तातेरावला तर पंखच फुटले. पोरीचं काम म्हणून त्यानं अख्खं भजनी मंडळ देवळात बसवलं. मृदंग, टाळ, वीणा, पेटी. एक मोबाईल आवाज भरायला खांबाला बांधला, दुसऱ्यावर समोर सिनेमा लावला आन् वाजवायला सुरवात. शेवटपर्यंत. म्हातारी चूल फुंकती, वाजवा. शेळी पाला खाती, वाजवा. दमलं माणूस की शेजारच्यानं उचलायचं, पेटीवरून मृदंगावर, मृदंगावरून टाळावर, पण मधी खंड पडू द्यायचा न्हाई. कसा पडंल? आमच्या गावात सप्ता बसतो तवा वीणा रात्रंदिवस उभी असती. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात जाती, खाली ठेवायची न्हाई. खाली ठेवली की सप्ता मोडला. तातेराव लहानपणापासून तेच शिकला, पोरगी त्याच्याकडून तेच शिकली. सूर सोडायचा असतो हे या घरात कुणाला ठाऊकच न्हवतं.

स्वानंद तातेरावच्या ओसरीवर आयकायला बसला. आमी सगळे त्याच्या तोंडाकडं बगत. तातेरावनं त्याच्यासाठी मुद्दाम धुतलेली सतरंजी टाकली होती. आयकून झालं. त्यानं कानातल्या वायरी काढल्या आन् बराच वेळ चहाच ढवळत बसला.

"सुंदर वाजवलंय," म्हणला. "पण हे थांबतच नाही."

"थांबायला काय झालं?" तातेराव म्हणला.

"काका, खेमाबुवा खोकतात ते ऐकू येत नाही. शेळीची घंटा ऐकू येत नाही. ती दोघं गप्प आहेत हेच कळत नाही. एवढ्या वाजण्यात कोणीही गप्पच बसेल."

तातेराव उठला, कप उचलला, आत गेला आन् परत आला न्हाई. स्वानंद प्रतिक्षाला म्हणला, "मला पुण्याला जायच्या आधी हे पूर्ण पाहिजे. सिनेमा महोत्सवाला पाठवायचा आहे. तुला जमलं तर तुझं. नाहीतर कॉम्प्युटरवर तयार संगीत मिळतं, ते घालतो. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

असं म्हणल्यावर वाईट वाटायचं राहतंय व्हय! पोरगी रडली न्हाई, हेच मला बगवेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गेले त्याच्या मागं, गल्लीतच गाठला. "काय रे, लेकराच्या कामाला नावं ठेवायला शिकवलं का पुण्यात? तिला सांग तरी कसं करायचं ते!"

"मावशी, ते सांगता येत नाही," तो म्हणला. "कुठं वाजवायचं नाही ते तिचं तिलाच ऐकू यायला पाहिजे."

मला वाटलं, गेलं पोरगं कामातून, काय बोलतंय त्याचं त्याला कळंना.

मंग चालू झाली पोरीची झटापट. शाळेला सुट्टी, त्यामुळं रोज गिरणीत येऊन कोपऱ्यातल्या पोत्यावर बसायची. घरी बसायची सोय न्हवती, बापाचं तोंड फुगलेलं. इथं गिरणीच्या घरघरीत कुणी काय विचारत न्हाई. कानात वायरी घालून थोडं वाजवणं काढायची, पुन्हा घालायची. इथून काढलं की तिथं उघडं पडल्यागत वाटतंय म्हणायची. एक जागा रिकामी ठेवली की तिचा हात आपोआप तिथं बासरी भरायचा. "आत्या, काहून थांबता येत न्हाई मला? कुठं सूर बंद केला की जीव घाबरून राहिला," म्हणली एकदा. मी काय सांगणार? मला जात्याचं आन् ज्वारीचं समजतं.

आन् एके दिवशी दुपारी लाईट गेली.

गिरणीत बायकांची गर्दी. गिरणी चालू असली की बायका एकमेकीच्या कानात तोंड घालून ओरडून बोलतात, माहीत हाय ना. आमची लखमाबाई, गावातली सगळ्यात भांडखोर म्हातारी, नवऱ्याशी जन्मभर भांडली, तो गेल्याला वर्स झालं. ती शेजारणीला ओरडून काहीतरी सांगून राहिली. तेवढ्यात लाईट गेली, पट्टा हळूहळू फिरून थांबला आन् सगळ्या गिरणीभर लखमाबाईचा एकटीचा आवाज: "आता घरात भांडायला बी कुणी न्हाई गं!"

कुणी हललं न्हाई. लखमाबाईनं पदर तोंडाला लावला. पिठाचा धुरळा खाली बसून राहिला तेवढाच. मी रोजची भांडकुदळ म्हणून तिला कवा दळणाच्या रांगेत पुढं घेतली न्हाई, पण त्या दिवशी तिचा डबा मीच उचलून पहिला ठेवला. मंग कुणीतरी म्हणलं, "लाईट कवा येणार काय की," आन् सगळ्याजणी पुन्हा बोलाया लागल्या.

मी वळून बगितलं तर प्रतिक्षा पोत्यावर ताठ उभी. भुवया जवळ आलेल्या.

"आत्या," म्हणली, "ती रोज हेच बोलत असंल. गिरणी बंद झाली म्हणून आयकू आलं."

आन् मोबाईल घेऊन पळत सुटली. चप्पल माझ्याच गिरणीत राहिली.

त्यानंतर पोरीनं जी कात्री चालवली, बाई बाई! चूल फुंकण्यातलं गेलं. शेळीचं गेलं, फक्त घंटा ठेवली. टाळ गेले. मृदंग सगळा गेला. जिथं म्हातारा दवाखान्याच्या गाडीत बसतो आन् म्हातारी मागं हात उचलते आन् खाली घेते, तिथं बासरीचा एक तुकडा ठेवला, तो बी हात खाली आला की बंद. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना ती मोबाईल दाखवायची, सिनेमाकडं बगायची न्हाई, बायांच्या तोंडाकडं बगायची. बाईनं श्वास धरला की तिथलं वाजवणं काढून टाकायची. तातेरावची पेटी तर अख्खी गेली. ठेवला तो एकच सूर, चहाच्या प्रसंगानंतरचा. दोघं बोलून झाली की तातेरावनं देवळात एकदा भाता भरून सूर धरला होता, तेवढा.

ते तातेरावला समजलं. कोणी सांगितलं? मीच सांगितलं, माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई. तर तो पेटीला खोळ घालून म्हणला, "आक्का, मंडळातली माणसं काम सोडून आली होती. त्यांना मी काय तोंड दाखवू? जिथं सूर न्हाई ते संगीत कसं? काढू दे तिला. मी काय बगायला येणार न्हाई."

प्रतिक्षा दारात उभी होती. तिनं आयकलं. खालमानेनं म्हणली, "बाबा, राग असू द्या. पण मी ते परत घालणार न्हाई."

दिवसभर बापलेकीचं बोलणं न्हाई. वहिनी दोघांना वेगळं वेगळं वाढून राहिली आन् मला खुणेनं विचारून राहिली, काय करायचं म्हणून. मी म्हणलं, माझ्याकडं बगू नको, मी गिरणीवाली.

मंग स्वानंद आला. गिरणीतच बसून, कानात वायरी घालून आयकलं. मधी मधी मान हलवून राहिला, एकदा तर हसला बी. मला वाटलं, जितलो! पण चहाचा प्रसंग आला आन् त्यानं मोबाईल थांबवला. मी बी गिरणीचा खटका बंद केला.

"इथं काहीच नाही?"

"न्हाई," प्रतिक्षा म्हणली.

"अगं, सगळा सिनेमा या जागेसाठी आहे! ही जागा एवढी लांब आहे, खेमाबुवा काही नट नाहीत, नुसते चहाकडे बघत बसतात. लोक कंटाळतील. इथं व्हायोलिन पाहिजे."

"दादा, हे थांबतच न्हाई असं तुमीच म्हणला."

"पण इथं नाही!"

"इथंच," पोरगी म्हणली. माघार न्हाई. "इथं वाजवलं की लोकांना समजंल आता हे बोलणार. मंग कोण जीव मुठीत धरून बसंल? व्हायोलिन घालायचं असंल तर घाला. पण मंग संगीत म्हणून माझं नाव नका लावू."

 एवढं लांब येऊन नाव नका लावू म्हणती! मला तिच्या थोबाडीत बी द्यावीशी वाटली आन् पोटाशी बी धरावंसं वाटलं. स्वानंद डोकं खाजवून राहिला. शेवटी म्हणला, "असं करू. रविवारी गावात दाखवतोच आहे. तुझंच लावू. त्या जागेवर लोक चुळबूळ करायला लागले, बोलायला लागले, तर महोत्सवाला व्हायोलिनवालं जाईल, आणि तू रागावायचं नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणली. मला विचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते. आमच्या गावची माणसं! कीर्तनात बी मागं बसून हळदीचे भाव सांगतात.

रविवारी मंगल कार्यालयात दुपारीच दाखवायचं ठरलं. खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या, दाराला दोन चादरी. अख्खा गाव लोटला. खेमाबुवा नवं धोतर नेसून पुढच्या ओळीत, अनुसूयाबाई बायकांत तोंड लपवून. आत उकाडा असा की पदर पिळावा. प्रतिक्षा माझ्याजवळ बसली. तातेराव कुठं दिसला न्हाई.

सिनेमा लागला. शेळीवर लोक लई हसले. खेमाबुवाला पडद्यावर बगून त्यांचा नातू रडला, त्याला बाहेर नेलं. दवाखान्याच्या गाडीपाशी बासरी आली, गेली, माझ्या पुढच्या दोघी-तिघींनी डोळे पुसले. आन् मंग तो चहा आला.

अनुसूयाबाईनं कप ठेवला. बशीचा टक्क आवाज. खेमाबुवा कपाकडं बगून राहिले. ती दाराशी. वाजणं न्हाई, बोलणं न्हाई. कार्यालयात पंख्याची घरघर आयकू येऊन राहिली. मी देवाला म्हणलं, बाबा, कुणाला खोकला येऊ देऊ नको. खेमाबुवा अजून बगूनच राहिले. बाजूला स्वानंद लॅपटॉपवर हात ठेवून लोकांकडं बगून राहिला. कुठंतरी कुणाची बांगडी वाजली, तर चार जणी तिच्याकडं वळून बगतात, एवढं शांत. प्रतिक्षानं माझं मनगट धरलं, नखं रुतली.

आन् मागून, पार दारातून, एका माणसाचा आवाज फुटला: "अरे बोल की बाबा आता! किती वाट बगायला लावतूस!"

तातेराव. चादरीच्या आडून, दाराच्या चौकटीला धरून उभा. त्याला स्वतःला बी कळलं न्हाई की आपण ओरडलो. कुणी हसलं न्हाई. माझ्याशिवाय कुणी वळून बगितलं न्हाई. सगळ्यांना तेच म्हणायचं होतं.

पडद्यावर खेमाबुवांनी घोट घेतला. म्हणले, "साखर कमी पडली."

अनुसूयाबाई म्हणली, "आणते."

आन् तवा तो पेटीचा सूर आला. एकच. आला, भरला, आन् मिटला. अंधार झाला, पांढऱ्या अक्षरात 'संगीत' आन् त्याच्या खाली आमच्या पोरीचं नाव बापाच्या नावासकट आलं. मी काय रडले, सांगायची सोय न्हाई. माझ्या बाजूची लखमाबाई हुंदके देऊन राहिली आन् वरून मलाच म्हणून राहिली, "रडतीस काहून गं येडे?"

लाईट लागल्यावर स्वानंद आमच्याकडं आला. "लोक बोलले," म्हणला. प्रतिक्षाचं तोंड पडलं. तो हसला. "बोलले ते खेमाबुवांशी बोलले गं. व्हायोलिन मी पुसून टाकलं आत्ताच. हेच जाईल." लेकरानं मान डोलावली फक्त. एवढे दिवस लढली, जितल्यावर काय करतात ते तिला माहीत न्हवतं.

गर्दी पांगली तरी तातेराव दारातच उभा होता. त्याच्याजवळ मंडळाचा मृदंगवाला, टाळवाले. मला वाटलं, आता हा मंडळासमोर पोरीला बोलणार. माझी तयारी होती, मी पदर खोचूनच गेले. प्रतिक्षा माझ्या पुढं.

तातेराव तिच्याकडं न बगता म्हणला, "तो सूर माझा होता."

"व्हय बाबा."

"देवळात लई लांब धरला होता मी. पार दमस्तोवर. तू मधीच तोडला."

"व्हय."

"जरा लांबव की. अजून एवढासा." बोटानं त्यानं पेरभर दाखवलं. माझा भाऊ बगा हा, मंडळाचा पेटीवाला, पन्नाशीचा माणूस, पोरीपुढं पेरभर सुरासाठी हात पसरून राहिला. माझ्या मनात आलं, दे बाई, देऊन टाक, बाप हाय तुझा.

प्रतिक्षाच्या भुवया जवळ आल्या. डोळ्यांत पाणी होतं, तरी म्हणली, "न्हाई बाबा. तेवढाच बराबर हाय."

मृदंगवाला खाली बगाया लागला. मी श्वास धरला. तातेरावनं डोळे मिटले, बोटं हवेत पेटीवर ठेवल्यागत धरली, मनात एकदा वाजवून बगितलं असंल. मंग बोटं उचलली.

"बरं," म्हणला. "तू म्हणतीस तर तेवढाच."